चिनूच्या फॉर्मवर सही केली आहे

नेरुळ,
रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र बाबा मोठ्यानं वाचतील. तू चष्मा शोधू नकोस, ऑपरेशनला अजून महिना झाला नाही. आणि बाबा, तुम्ही आधी मनात वाचून, मग "काही नाही, बरे आहेत सगळे" म्हणून घडी घालायची नाही. अख्खं वाचायचं.

चिनूच्या फॉर्मवर मी सही केली. अठरा पूर्ण व्हायला त्याला अजून अडीच महिने आहेत, म्हणून पालकाची सही लागत होती. फॉर्म नेव्हीचा आहे. लेखी, मैदानी, मेडिकल, सगळं झालं. भाऊबीज झाली की तो ओडिशाला, आयएनएस चिल्काला, ट्रेनिंगला जाईल.

फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. एकदा तुझा कुकर झाला होता, एकदा बाबांची मालिका लागली होती, आणि तिसऱ्या वेळी तू "बोल रे, काय?" म्हणालीस आणि मी विचारलं, आज भाजी काय केली. पन्नाशीला आलेला माणूस!

पोरावर रागावू नका. पहाटे पाचला तलावपाळीला पळायला जातो, ते "फिटनेससाठी" हे त्याला मीच सांगायला लावलं होतं. 1.6 किलोमीटर साडेसहा मिनिटांत पळायचं असतं, वर उठाबशा आणि जोर. तू रोज रात्री त्याच्यासाठी हरभरे भिजत घालायचीस, त्यावरच तो पास झाला. हे विनोदानं लिहिलं होतं, पण आता वाचून मलाच वाईट वाटतंय.

तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगला का नाही घातला. पैसे होते, हो. कर्ज काढावं लागलं नसतं. पण तुमच्या माळ्यावरून गणपतीचं मखर काढताना त्याला ती काळी ट्रंक सापडली, तेव्हापासून त्याचं मन दुसरीकडे लागलं नाही. वर पांढऱ्या रंगात दादाकाकांचं नाव आणि नंबर. त्यानं विचारलं, "हे कोण?" आणि आपण तिघांनीही एकदम त्याला मखराचं दुसरं टोक धरायला सांगितलं. आठवतंय? आपण सांगितलं नाही, मग त्यानं स्वतःच शोधून वाचलं. आता त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आजी अख्ख्या वाडीला सांगायची ना, थोरला मुंबईत सोनाराकडे आहे म्हणून? बोटीवरचं सोनार म्हणजे काय, ते मला चिनूनं समजावलं. पाण्यात आवाज सोडायचा आणि परत येईल त्यावरून पाणबुडी कुठे आहे ते ओळखायचं. दादाकाकांच्या बोटीचं, खुकरीचं, सोनार जवळचंच ऐकायचं. पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीला खुकरी लांबूनच ऐकू येत होती. खुकरी आणि किरपाण तिला शोधायला निघाल्या, आणि ती आधीच त्यांच्या मागावर होती. तिसरी बोट, कुठार, बिघाडामुळे बरोबर नव्हती. टॉर्पेडो लागल्यावर खुकरी काही मिनिटांत गेली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक. कॅप्टन मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते बोटीवरच राहिले.

हा परिच्छेद दोनदा खोडला आणि पुन्हा लिहिला, आई. पोरगा फोटोतल्या पांढऱ्या कपड्यांना भुलून निघालेला नाही, एवढंच तुला कळावं म्हणून ठेवला. त्यालाही मी हेच विचारलं होतं. तो म्हणाला, "पप्पा, म्हणूनच मला सोनारवरच काम मिळालं तर हवंय." पुढे मला बोलता आलं नाही. आता बोटींवर हेलिकॉप्टर असतात, पाणबुड्या शोधणारी विमानं असतात, 1971 सारखं राहिलेलं नाही. तू म्हणशील, त्यांच्याकडेही राहिलं नसेल. हे तू म्हणणार म्हणून मी इथेच थांबतो.

नोकरी अग्निवीराची, चार वर्षांची आहे. चारांतल्या एकाला पुढे ठेवतात, बाकीचे सेवानिधी, म्हणजे नोकरीत साठलेली रक्कम, घेऊन घरी येतात. म्हणजे बाविसाव्या वर्षी तो मोकळा, पुढे शिकेल. पगार पहिल्या वर्षी 30,000, त्यातले 21,000 हातात. विम्याचा आकडाही कागदावर होता. तो मी इथे लिहीत नाही.

आणि चिल्का म्हणजे समुद्र नाही, आई. मोठं सरोवर आहे, आपल्या खाडीसारखं, थंडीत लांबलांबचे पक्षी येतात. कल्याणहून कोणार्क एक्सप्रेस पकडली की थेट भुवनेश्वर. जेवण पोटभर असतं. भात तर तिकडे आपल्यापेक्षा जास्त खातात, त्याची चिंता नको. लाडू देऊ नकोस असं म्हणणार होतो, पण तू देशीलच. दे.

आता जे लिहायला बसलोय ते.

लहानपणी मी तुझ्याबरोबर बँकेत पेन्शनच्या रांगेत उभा असायचो. तुझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायचो, तू हळूच सोडवायचीस. पासबुक खूपदा पाहिलं होतं, पण नीट वाचलं सातवीत. तुझ्या नावापुढे लिहिलेलं. घरी येऊन आजीला विचारलं, काकांची पेन्शन आईला का? आजी तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "तुझा बाप भला माणूस आहे," एवढंच म्हणाली. मला ते उत्तर वाटलं नव्हतं. नंतर वाटलं.

खळ्यात भात झोडत होतीस तेव्हा तार आली, हेही आजीनंच सांगितलेलं. कराचीवर हल्ला झाल्याच्या बातमीनं वाडीत पेढे वाटून आठवडा झाला नव्हता. दर्भाचा पुतळा करून दहन केलं. तू एकोणीस वर्षांची. पुढचं सगळं मोठ्यांनी ओटीवर बसून ठरवलं, आणि तू आत होतीस. बाबा, तुम्हालाही कुणी विचारलं नसणार, तुम्ही ओटीवर होतात एवढंच. तुम्ही दोघांनी त्याचा जो संसार केलात त्याबद्दल मी तोंड उघडणार नाही, मी त्याच संसारातला आहे. पण एक वाटत राहतं. तेव्हा तुला विचारलं नाही, आणि या खेपेला मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू "जाऊ दे त्याला" म्हणाली असतीस, आणि ते खरं होतं की सवय होती, हे मला कधीच कळलं नसतं. हे कारण मी स्वतःला देतो. खरं कारण, मला भीती वाटली.

रागव. फोन करून रागव, आठ दिवस बोलू नकोस, चालेल. फक्त बाबांवर काढू नकोस, त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं.

चिनू गेल्यावर घर रिकामं होईल, त्याचं बघितलंय. नेरुळला या असं पुन्हा म्हणत नाही, ठाणं तुमच्यानं सुटणार नाही. डोळ्यात थेंब घालायला खालच्या मजल्यावरच्या वहिनी सकाळ-संध्याकाळ येतील, बोललोय. औषधवाल्याकडे दर महिन्याची यादी दिली आहे, तो घरी पोचवेल. हयातीचा दाखला चिनू मोबाइलवर करायचा, यंदा मी करीन. पेन्शनचं नाव काढून कुणी ओटीपी मागितला तर बोलायचं नाही, फोन ठेवायचा. बाबा, गच्चीवरची टाकी बघायला तुम्ही चढायचं नाही. स्कूटरची किल्ली चिनू निघताना माझ्याकडे देणार आहे. चिडू नका, तपासलेल्या साखरेचे आकडे माझ्याकडे आहेत.

ट्रंक त्याला हवी आहे. मी हो म्हटलेलं नाही. तो तुझ्याकडे मागेल. नाही म्हणालीस तरी त्याला चालेल, मी तसं बजावून ठेवलंय.

दीवला गेलो होतो तेव्हा बाबा खुकरीच्या स्मारकातल्या त्या काचेच्या पेटीतल्या बोटीपुढे कितीतरी वेळ उभे होते, आणि तू जीपमधून उतरली नाहीस. ऊन लागतंय म्हणालीस. संध्याकाळचे सहा वाजले होते गं.

आणि दर 9 डिसेंबरला तुला ॲसिडिटी होते. रात्री जेवत नाहीस, गॅलरीत बसतेस, आणि बाबा काही न बोलता मटाराची पिशवी घेऊन समोर बसतात. दोघं मिळून सोलत राहता. ताईला आणि मला लहानपणी 10 डिसेंबर दिवाळीसारखा वाटायचा, मटाराच्या करंज्या व्हायच्या म्हणून. का होतात ते कुठे माहीत होतं.

यंदा त्या रात्री मी येतोय. ऑफिसमधून थेट ठाणे लोकल पकडून आठपर्यंत पोचतो. मटार मीच जांभळी नाक्यावरून आणतो, दोन किलो. बाबा, तुम्ही खाली उतरू नका.

तुमचा
बाळू