दार उघडं ठेवणाऱ्या जेराल्ड आजोबांना

आदरणीय जेराल्ड विल्यम्स आजोबा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही २०२१ मध्ये गेलात. आपली भेट कधी झाली नाही, आणि तुम्ही असताना हे लिहायला हवं होतं असं फार वाटतं. तरी लिहिते, कारण तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत.

वेल्समधल्या ट्राउसव्हनिध गावाजवळचं ‘अर अस्गुर्न’ हे तुमचं आजोळ. तुमचे मामा एलिस हम्फ्री इव्हान्स, म्हणजे कवी हेध विन, इथेच वाढले. अकरा भावंडांत थोरले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, मग मेंढरं आणि कविता. १९०७ साली बाला गावच्या संमेलनात त्यांनी पहिली खुर्ची जिंकली. वेल्समध्ये उत्तम कवीला खुर्ची देतात, आणि तीही जुन्या छंदांत, यमक-अनुप्रासाचे कडक नियम पाळून लिहिलेल्या दीर्घ कवितेसाठी. १९१६ च्या राष्ट्रीय संमेलनात, तिकडे ज्याला आइस्तेधवोद म्हणतात त्यात, त्यांचा दुसरा क्रमांक आला.

त्यांना लढाईची हौस नव्हती. पण पहिल्या महायुद्धात सक्तीची भरती सुरू झाली, घरातल्या एका मुलाला जाणं भाग पडलं. धाकट्या भावाला, बॉबला, जावं लागू नये म्हणून ते गेले. १९१७ च्या सुरुवातीला लिव्हरपूलजवळच्या लिदरलँड छावणीत शिक्षण झालं. नांगरणीसाठी सुट्टी मिळाली तेव्हा घरी बसून ‘वीर’ या कवितेचा मोठा भाग लिहिला. सुट्टी संपली तरी ते थांबले आणि लष्करी पोलीस त्यांना घेऊन गेले. गडबडीत कविता घरीच राहिली आणि फ्रान्सच्या वाटेवर त्यांनी ती आठवून पुन्हा लिहिली, असं सांगतात. जुलैमध्ये फ्लेशँ गावातून ती टोपणनावाने स्पर्धेला गेली. ३१ जुलैला बेल्जियममधल्या ईप्रजवळ पिल्केमच्या चढावर, रॉयल वेल्श फ्युझिलिअर्सच्या पंधराव्या बटालियनमधून लढताना, तोफगोळ्याचा तुकडा पोटात लागला. त्याच दिवशी ते गेले. वय तीस.

६ सप्टेंबरला बर्कनहेडच्या संमेलनात पंतप्रधान लॉइड जॉर्जही हजर होते. विजेत्याचं टोपणनाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, कुणी उभं राहिलं नाही. कवी रणांगणावर पडल्याचं व्यासपीठावरून सांगितलं गेलं आणि खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. ती कोरली होती बेल्जियममधून निर्वासित होऊन आलेल्या यूजीन व्हानफ्लेटेरेन या सुताराने. ज्या देशातून तो जीव वाचवून आला, त्याच देशाच्या मातीत तिच्या मानकऱ्याला मूठमाती मिळाली. हे वाचलं तेव्हा मला पुढे वाचवेना.

आजोबा, इथवरची गोष्ट कुणीही सांगतो. तुम्ही केलंत ते वेगळं. घराचं दार उघडं ठेव, असं तुमच्या आजीने, म्हणजे हेध विनच्या आईने, सांगितलं आणि तुम्ही जन्मभर ते ठेवलंत. शेती सांभाळत, शाळेची पोरं असोत की परदेशी पाहुणे, येईल त्याला घर दाखवलंत. २०१२ मध्ये घर स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात दिलंत, तेही पुढे ते जपलं जावं म्हणून. त्या घरात सहा खुर्च्या आहेत. मला तिथे सैनिक भेटला नाही, घरातला थोरला मुलगा भेटला. गावातला १९२३ चा पुतळासुद्धा मेंढपाळाचाच आहे, आणि त्याचं अनावरण त्यांच्या आईने केलं. गणवेश त्यांच्या अंगावर अवघे काही महिने होता. बाकी तीस वर्षं तुम्ही लोकांपुढे ठेवलीत.

माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातले. त्याच महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले आणि तिकडेच राहिले. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत, साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. आमच्या घरातही ‘लढाईत गेले’ या दोन शब्दांपुढे कुणी काही बोलत नसे. माझी आजी लहान असताना तिची आई काय काय सांगायची, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं. आजी आता नाही. पण तुमच्या घरातून परतल्यावर मी आत्याकडे जाऊन बसले आणि विचारलं, ते जायच्या आधी कसे होते?

आत्याला बरंच माहीत होतं. पणजोबांना भजनाचा नाद होता, एकतारी स्वतः बनवलेली होती. बैलांशी बोलायचे. भरतीला जाताना विहिरीचं काम अर्धं राहिलं, ते नंतर भावाने पुरं केलं. त्या विहिरीवर आजही आमचा ऊस होतो, आणि ती त्यांनी खणायला घेतली होती हे आमच्या पिढीत कुणालाही ठाऊक नव्हतं. सगळं वहीत उतरवलंय. चुलतभाऊ आता गावातल्या इतर घरांतही असंच विचारतो आहे, कारण आमच्याकडून गेलेले ते एकटे नव्हते.

हे तुमच्यामुळे झालं, आजोबा. तुमचे आणि तुमच्या आजीचेही मनापासून आभार.

तुमची कृतज्ञ,
सातारची एक पणती