जुन्या सायकलीची पारख करून देणाऱ्या काकांस

आदरणीय काकांना सप्रेम नमस्कार.

सिंहगडाचा रस्ता चढता येईल अशी जुनी, शॉकअप नसलेली माउंटन बाइक निवडताना आपण मला जे साहाय्य केले, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपले नाव किंवा पत्ता कुठेही येता कामा नये, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकलींची रांग लागेल आणि सेक्रेटरी नोटीस काढतील, ही आपली अट मी पाळली आहे. पत्र मात्र मुद्दाम खुले ठेवले आहे, कारण आपण जे समजावून सांगितले त्याची गरज जुनी सायकल घ्यायला निघालेल्या पुष्कळ जणांना आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी ज्या सायकलींच्या जाहिराती पाहिल्या होत्या, त्यांतल्या बहुतेकांमध्ये पुढच्या शॉकअपचा उल्लेख सर्वांत ठळक होता आणि काही ठिकाणी तर मागच्या शॉकअपचेही वेगळे पैसे लावलेले होते. आपण पहिल्याच भेटीत विचारले, की तुम्हांला डांबरी घाट चढायचा आहे की दगडधोंड्यांतून खाली यायचे आहे. डोणजे फाट्यापासून गडावरच्या वाहनतळापर्यंतचा रस्ता सुमारे नऊ किलोमीटरचा, त्यात चढण सहाशे मीटरच्या आसपास, आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे सोडले तर सगळा रस्ता पक्का. अशा रस्त्यावर उभे राहून पॅडल मारले की स्वस्तातला स्प्रिंगचा चिमटा (पुढचे चाक धरणारा दोन पायांचा भाग) प्रत्येक झोक्याला खाली बसतो आणि पायातली ताकद चाकाकडे जाण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात जाते, हे आपण पार्किंगमध्येच एका सायकलीवर मला उभे करून दाखवलेत. चांगल्या चिमट्याला तो जाम करण्याची कळ असते, पण त्या किमतीची सायकल माझ्या आवाक्यात नव्हती. आवाक्यातल्या चिमट्याचे वजन मात्र साध्या पोलादी चिमट्यापेक्षा दीड किलोपर्यंत जास्त भरते. कॅलिफोर्नियात १९७०च्या दशकाच्या अखेरीस डोंगरासाठी म्हणून ज्या सायकली पहिल्यांदा बांधल्या गेल्या त्या साध्या चिमट्याच्याच होत्या, आणि पुढचा शॉकअप १९९०च्या सुमारास बाजारात येईपर्यंत लोक त्यांवरच डोंगर चढत-उतरत होते, हेही आपण सांगितलेत तेव्हा माझी उरलीसुरली शंका गेली.

परंतु ज्या गोष्टीसाठी मी आपली सर्वांत जास्त ऋणी आहे ती म्हणजे गिअरचा हिशेब. वजनाबद्दल सगळेच बोलतात. माझे, सायकलीचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे मिळून वजन पंचाहत्तर किलोच्या घरात जाते आणि त्यातून दोन किलो कमी केले तर दीड तासाच्या चढाईत जेमतेम अडीच मिनिटे वाचतात, हे आपण वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलेत. मग त्याच पानावर दुसरा हिशेब केलात. दीड तासात नऊ किलोमीटर म्हणजे ताशी सहा किलोमीटर, म्हणजे मिनिटाला शंभर मीटर. सव्वीस इंची चाकाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे दोन मीटर पुढे जाते. पुढचे लहानातले लहान चक्र ३८ दात्यांचे आणि मागचे मोठ्यातले मोठे २८ दात्यांचे असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात साधारण २.७ मीटर अंतर कापले जाते आणि शंभर मीटरसाठी मिनिटाला फक्त सदतीस फेरे पडतात. प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर किती भार येत असेल याची कल्पना माझ्या वयाच्या बाईला वेगळी द्यावी लागत नाही. तेच पुढचे चक्र २२ दात्यांचे असेल तर एका फेऱ्यात १.६ मीटरच्या आतच अंतर जाते आणि मिनिटाला त्रेसष्ट-चौसष्ट फेरे सहज पडतात. काम तेवढेच, पण ते लहान लहान हप्त्यांत फेडायचे. आजच्या पुष्कळ नव्या आणि देखण्या सायकलींना पुढे एकच मोठे चक्र असते, आणि जाहिरातीत दात्यांची संख्या तर कुणीच लिहीत नाही. त्यामुळे विकणाऱ्याला फोनवर पहिला प्रश्न दात्यांचा विचारावा, किमतीचा नंतर, हा आपला सल्ला मी तेव्हापासून भेटेल त्याला देत आले आहे. पलीकडचा माणूस बहुधा गोंधळतो, पण सायकलीपाशी जाऊन दाते मोजून सांगतो, आणि त्यावरूनच त्याचा स्वभाव कळतो.

प्रत्यक्ष पाहणीला आपण माझ्याबरोबर आलात, त्याला तर मोल नाही. पहिली सायकल रंगाने नवी होती, तिच्यावर धूळसुद्धा नव्हती, आणि मी तिच्याभोवती एक चक्कर मारेपर्यंत आपण हँडलच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाकडून बोट फिरवून पाहिले होते. तिथे रंगाला बारीक सुरकुती होती आणि नळी किंचित फुगलेली होती. मग आपण मला बाजूला उभे करून चिमट्याची रेघ पाहायला लावलेत: ती हँडलच्या खांबाच्या रेषेत सरळ खाली यायला हवी आणि टोकाशी पुढे वळायला हवी, पण इथे ती वरूनच मागे झुकलेली होती. ही गाडी समोरून आदळलेली आहे, चालेल, पण उतारावर माझ्या ओळखीच्या माणसाने तिच्यावर बसू नये, असे आपण मालकाला त्याच्या घरातल्यांसमोर न दुखावता सांगितलेत आणि त्यांनी दिलेला चहाही घेतलात. नकार असा द्यावा, हे मला त्या दिवशी शिकायला मिळाले.

दुसरी सायकल बाल्कनीत टांगलेली होती. मालकांनी नव्वदच्या दशकात परदेशातून येताना आणलेली, क्रोमोली पोलादाची, तैवानमध्ये बनलेली, सोळा इंची फ्रेमची आणि रंगाचे पोपडे निघालेली. मला ती पाहताक्षणी जुनाट वाटली, आपल्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदा हसू आले. आपण आधी सीटचा नट सैल करून खांब फिरवून पाहिलात, कारण पोलादी फ्रेममध्ये अॅल्युमिनिअमचा खांब वर्षानुवर्षे ग्रीसशिवाय राहिला की तो तिथे जणू वेल्ड होतो आणि उंचीच जमवता येत नाही, हा फिरला. उजवीकडची मागची नळी चाकाच्या आसापाशी तडकलेली नाही ना, हे आपण टॉर्च धरून पाहिलेत. मग क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, धरून आडवा हलवलात, तेव्हा बीबीत (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या बेअरिंगमध्ये) थोडा खेळ लागला. रिमच्या बाजूवर पट्टी आडवी ठेवून ब्रेकने ती खोलगट झाली आहे का ते पाहिलेत. मागच्या चाकाला आऊट होता, म्हणजे ते फिरताना डगमगत होते, पण तारा शाबूत होत्या. शेवटी खिशातून पोलादी पट्टी काढून चेन मोजलीत. नवी चेन असेल तर एका खिळीच्या मध्यापासून बाराव्या इंचावर दुसऱ्या खिळीचा मध्य नेमका येतो. तो एक षोडशांश इंच पुढे सरकला तर चेन बदलावी, आणि एक अष्टमांश सरकला तर मागचे कॅसेटही (मागच्या चक्रांचा संच) झिजले असे समजावे. इथे तो अष्टमांशाच्याही पुढे गेला होता. त्याच वेळी आपण मला पुढचे २२ दात्यांचे चक्र दाखवलेत, ज्याचे दाते जवळजवळ कोरे होते, कारण मालक सपाटीवरच फिरत आले होते. मला हवा असलेला भाग इतकी वर्षे कुणी वापरलाच नव्हता.

किमतीच्या बाबतीत आपण घासाघीस केली नाहीत. चेन, कॅसेट, बीबी, केबली आणि ब्रेकचे रबर यांची किंमत आपण मालकांसमोरच कागदावर लिहिलीत, सात गिअरचे कॅसेट अजून सहज मिळते हेही सांगितलेत, आणि मालकांनी स्वतःहून तेवढी रक्कम वजा केली. शिवाय बीबीखाली कोरलेला फ्रेमचा नंबर लिहून, दोघांच्या सह्या असलेली पावती करायला लावलीत. जुन्या सायकलींच्या व्यवहारात हा कागद फारच थोडे लोक मागतात आणि सगळ्यांनीच मागायला हवा.

नंतरच्या कामात आपण दिलेल्या दोन सूचनांनी माझे बरेच पैसे वाचले. बीबीची उजवी बाजू उलट्या आट्यांची असते, ती जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवली तर फ्रेमचे आटे जातात, ही चिठ्ठी मी सायकलीबरोबर मेकॅनिककडे पाठवली होती. दुसरी सूचना टायरची. दोन्हींवर सव्वीसच लिहिलेले असले तरी आपल्याकडच्या साध्या सायकलीचा २६ × १ ३/८ मापाचा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमचा आणि माउंटन बाइकचा ५५९चा, त्यामुळे घेताना तीन आकडी माप वाचावे. मी ५५९चे, दीड इंच रुंदीचे, गुळगुळीत टायर घेतले आणि गोट्यांचे, म्हणजे रबरी उंचवटे असलेले, जुने टायर काढून ठेवले. याबाबत आपले मत वेगळे होते, पावसात शेवाळलेल्या वळणांवर गोटेच बरे असे आपण म्हणत होतात. माझ्या मते ओल्या डांबरावर गुळगुळीत रबरच जास्त टेकते, आणि या एका मुद्द्यावर आपले पटलेले नाही ते तसेच राहू द्यावे. पुढेमागे शॉकअपचा चिमटा बसवावा हा विचार मात्र मी आपल्या शब्दाखातर कायमचा सोडला. लांब चिमट्याने पुढचा भाग उंचावतो, चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटते आणि जुन्या फ्रेमच्या सांध्यावर तिच्यासाठी न योजलेला ताण येतो, हे पटण्यासारखेच होते.

गड आता मी न उतरता चढते. वेगाने नव्हे, शनिवार-रविवारच्या गाड्यांच्या गर्दीत तर मुळीच नव्हे. पहाटे, वन खात्याच्या नाक्यावर शुकशुकाट असताना. तीव्र वळणांवर पुढचे २२चे चक्र लावते, सीटच्या टोकाकडे सरकते आणि लांबट हँडलवर थोडी वाकते, म्हणजे पुढचे चाक जमिनीला धरून राहते. उतरताना आपण सांगितल्याप्रमाणे ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाआधी जोरात आणि मध्ये मोकळे, असे करते, म्हणजे रिम तापत नाहीत. वरचे मडक्यातले दही आपल्याला खोकल्यामुळे चालत नाही, एरवी तेच घेऊन आले असते.

मागच्या चाकाचा आऊट पुन्हा थोडा आला आहे आणि तारा आवळण्याची किल्ली मी आपण सांगितलेल्या मापाची घेतली आहे. पावसाळ्यापूर्वी एका रविवारी सायकल घेऊन येईन. या वेळी आऊट मी काढावा आणि आपण खुर्चीत बसून पाहावे, एवढी विनंती आहे. काढून ठेवलेले गोट्यांचे टायर आपल्या इतर सायकलींपैकी एखादीला उपयोगी पडतील, तेही सोबत आणते.

आपली कृतज्ञ,
सोळा इंची फ्रेमवाली