दूध चालत नाही, त्या मुलाने काय प्यायचे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की आमच्याकडे गोव्यात मुलांच्या कार्यक्रमांना ऊत येतो. संस्कार शिबिर, मुंज, वाढदिवस, क्रीडा शिबिराचा समारोप. खाऊ ठरलेला: पाव-भाजी नाहीतर शिरा, आणि वर मँगो मिल्कशेक किंवा सुगंधी दुधाची थंडगार बाटली. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. रंगीत कोल्ड्रिंकपेक्षा दूध केव्हाही बरे, हे मलाही मान्य. पण अशा प्रत्येक घोळक्यात एखादे पोर दूध न चालणारे निघतेच, आणि त्याच्या हातात पाण्याची बाटली टेकवली जाते. माझा नातू त्यांतलाच. पर्वरीला राहतो, सुट्टीत सावईवेऱ्याला आमच्याकडे येतो. मागे एका शिबिरात त्याने दूध नको म्हटले, तर वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "घोटभर घेतल्याने काय होतेय रे?" काय होते ते आम्ही घरात पाहिले आहे. ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात आणि मग डॉक्टरकडे धाव.

इथे एक गोष्ट लोकांच्या डोक्यात नीट बसत नाही, म्हणून लिहिते. दूध न सोसणे दोन तऱ्हांचे असते. काहींना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. पोट फुगते, जुलाब होतात. त्यातल्या बऱ्याच जणांना दही किंवा थोडेसे ताक चालून जाते. दुसऱ्यांना दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते. त्यांना दही नाही, ताक नाही, लोणी नाही, आणि दुकानात मिळणारे लॅक्टोज काढलेले दूधही नाही, कारण त्यात प्रथिने तशीच असतात. "गाईचे नको तर शेळीचे द्या" हा सल्ला आम्हाला देवळाच्या पायरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे मिळाला. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिने गाईच्या प्रथिनांसारखीच असल्याने ॲलर्जीच्या मुलाला बहुतेक वेळा तीही चालत नाहीत. पुष्कळ मुलांची ही ॲलर्जी मोठेपणी जाते, पण गेली की नाही हे डॉक्टरांनी तपासायचे. शिबिरातल्या बाईंनी घोट पाजून नव्हे.

आता मुद्द्याचे. मुलांना आवडेल असे थंड, दाट, गोड पेय दुधाशिवाय होते का? झकास होते, आणि त्यासाठी शहरातल्या महागड्या दुकानातले बदामाचे दूध आणावे लागत नाही. माझी सून त्याला स्मूदी म्हणते. आमच्या कुळागरात, म्हणजे घरच्या बागायतीत, नारळ, केळी, अननस, फणस, भिंडां (कोकमाची फळे) सगळे एकाच पाटाच्या पाण्यावर वाढते. पेल्यात जायला आणखी काय हवे?

दाटपणा येतो तो केळ्याने. केळी चांगली पिकलेली हवीत, सालीवर काळे ठिपके आलेली. सोलून चकत्या करायच्या आणि ताटात सुट्या पसरून फ्रीझरमध्ये ठेवायच्या. ढीग करून ठेवल्या तर दगड होतो आणि मिक्सरचे पाते बिचारे रडते. गोठलेल्या चकत्या वाटल्या की आइस्क्रीमसारखा मऊ गोळा होतो, त्यात बर्फ घालावा लागत नाही. बर्फाने पेय पांचट होते, ही माझी तक्रार. रसबाळी मिळाली तर उत्तम, वेलची केळीही चालतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याची मोठी केळी दिसतात, पण ती मला अशी नुसती खायलाच आवडतात.

आंबा अर्थातच मानकुराद. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले 2023 साली, आमच्या जिभेने ते केव्हाच दिले होते. हंगामाच्या सुरुवातीला त्याचा भाव ऐकून कुणी तो मिक्सरमध्ये घालणार नाही, घालूही नये. मेअखेरीस डाग पडलेले, एका बाजूने मऊ झालेले आंबे स्वस्त मिळतात. चांगला भाग काढून त्याच्या फोडी गोठवाव्यात. दोरे नसलेला गर असल्याने गाळायची कटकट नाही. मुलांना पेल्यात दोरा लागला की संपले, पुन्हा तोंड लावत नाहीत. म्हणूनच अननस मात्र वाटून गाळूनच घ्यायचा.

अननसाचा आणखी एक गुण दूध न चालणाऱ्यांच्याच पथ्यावर पडतो. अननसात ब्रोमेलेन आणि कच्च्या-अर्धकच्च्या पपईत पपेन नावाचे द्रव्य असते. ते प्रथिने तोडते, त्यामुळे दुधात ही फळे वाटून थोडा वेळ ठेवली की पेय कडवट होते. खोबरे वाटून पिळलेल्या नारळाच्या रसात प्रथिने मुळात थोडी, त्यामुळे अननस आणि नारळ यांचे छान जमते. मिल्कशेकवाल्यांना जे जमत नाही ते आपल्याला जमते, याचा मला थोडा दुष्ट आनंद होतो.

नारळाच्या रसाबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवे, कारण बहुतेकांचे पेय तिथेच बिघडते. आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, खवलेली ताजी सोय (ओले खोबरे) कोमट पाण्यात वाटायची. पाणी उकळते नको, गारही नको. पंच्यात घालून पिळायचे. पहिला रस दाट निघतो, त्याच सोयीत पुन्हा पाणी घालून दुसरा पातळ. खोबऱ्याचे तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजते, हे थंडीत बाटली पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तोच प्रकार पेल्यात होतो. नुसता पहिला रस घेऊन गोठलेल्या फळांबरोबर खूप वेळ फिरवला की लोण्यासारखे बारीक कण होतात, जिभेला आणि टाळूला चिकटतात. मोठी माणसे भिडेखातर गिळतात, मुले थुंकतात. म्हणून पहिला आणि दुसरा रस अर्धा-अर्धा घ्यावा, तो फ्रीजमध्ये न ठेवता बाहेरचाच वापरावा, आणि मिक्सर थांबत-थांबत, थोडाच फिरवावा. भांड्यात आधी रस, मग मऊ फळ, सगळ्यात वर गोठलेले. चिमूटभर मीठ विसरू नये. त्याने गोडी उठून दिसते आणि साखर घालायचा मोह होत नाही.

चार लहान पेल्यांना माझे प्रमाण असे: दोन मोठी केळी, वाटीभर आंबा किंवा गाळलेला अननस, पाऊण वाटी नारळाचा रस. पावसाळ्यात आंब्याच्या जागी सोलां, म्हणजे आमसुले. चार-पाच सोलां कोमट पाण्यात भिजवून त्याचे लाल पाणी केळ्यात घातले की पेय गुलाबी होते आणि केळे काळे पडत नाही. सोलकढी पिणाऱ्या घरातल्या मुलांना ही चव नवी नसते. मात्र आंबा आणि सोलां एकत्र करू नयेत, त्याचा रंग चिखलाचा होतो. चव कितीही चांगली असली तरी सहा वर्षांचा मुलगा तो पेला हातातही धरणार नाही. गुलाबी पेला संपवून आमचा पठ्ठ्या म्हणतो, "आज्ये, आनीक दी गे!"

रसाळ फणसाचे गरेही चालतात, पण वास दरवळतो आणि घरात लगेच दोन पक्ष पडतात. काजूगर भिजवून वाटले तर पेय फार सुंदर दाट होते, तरी ते फक्त घरी. काजूची ॲलर्जी असलेली मुलेही असतात. क्वचित कुणाला नारळही चालत नाही, म्हणून आधी आईला विचारावे.

एक खुलासा मात्र प्रामाणिकपणे करायला हवा. हे पेय दुधाची जागा घेत नाही. नारळाच्या रसात स्निग्धांश भरपूर, कॅल्शियम आणि प्रथिने नावालाच. दूध बंद असलेल्या मुलाला ती दुसरीकडून द्यावी लागतात, आणि किती द्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. आमच्याकडे त्यासाठी तिझान, म्हणजे नाचणीची लापशी, आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. शिजवून गार केलेले दोन चमचे तिझान मी आंब्याच्या पेल्यात ढकलते. रंग थोडा मळतो, म्हणून त्या दिवशी झाकणाचा स्टीलचा पेला. शिवाय काट्यासकट खाता येणारे बारीक तारले मासे, तीळ, डाळ हे आहेच. पेलाही लहानच असावा. वाटलेले फळ झटकन पोटात जाते, चावून खाल्लेल्या फळाने जसे पोट भरते तसे त्याने भरत नाही.

आता आयोजकांना विनंती. दूध न चालणाऱ्या मुलासाठी वेगळा पेला करू नका, सगळ्यांनाच बिनदुधाचे द्या. वेगळा पेला म्हणजे वेगळे बसणे, आणि धांदलीत पेले बदलतात ते निराळेच. ज्या मिक्सरमध्ये सकाळी मिल्कशेक केला तोच नुसता विसळून वापरू नका, नीट घासा. ताज्या नारळाऐवजी पाकिटातली नारळाच्या दुधाची पूड आणणार असाल तर मागचा बारीक मजकूर वाचा. त्यातल्या काहींत सोडियम केसिनेट असते, म्हणजे दुधाचेच प्रथिन. दर्शनी बाजूला नारळाचे झाड पाहून आम्हीही एकदा पाकीट उचलले होते. सुनेने वाचले म्हणून वाचलो. आणि मेच्या उन्हात सकाळी काढलेला रस दुपारपर्यंत बाहेर राहिला की आंबतो, तेव्हा पेय वाढायच्या तासाभर आधीच करा.

नारळ महागला आहे, हे उत्तर मला आधीच ऐकू येते. महागला आहेच. पण हिशेब करून पाहा. पन्नास मुलांना शंभर मिलीलिटरचा पेला म्हटला तर एकूण पाच लिटर पेय. त्यात रस सव्वा लिटरच लागतो, बाकी सगळे फळ. मध्यम आकाराचे सहा नारळ त्याला पुरतात. आमच्या वाड्यावरच्या शिबिराचा समारोप या महिनाअखेरीस आहे. ते सहा नारळ आणि केळ्यांचा घड आमच्या कुळागरातून जाईल, अननस शेजारच्यांनी कबूल केले आहेत. मोठा मिक्सर तेवढा कुणाकडे असल्यास हवा आहे.

आपली,
एक आजी
सावईवेरे, फोंडा