वंशावळीत लेकी-सुनांची नावे कुठून आणायची?

महोदय,

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव आले. पण घराघरांतल्या वंशावळी उघडाव्यात, तर दहा पिढ्यांत एकही बाई नाही. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात असंख्य कुटुंबे तहसिलाच्या अभिलेख कक्षापर्यंत पोचली. जात पडताळणीला वडिलांकडची वंशावळ लागते, म्हणून तेवढीच उतरवून घेतली गेली आणि त्याच पानावरची पणजी तिथेच राहिली. तिला कसे शोधायचे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्क बाईपासून करावी. जन्मसाल विचारून फार हाती लागत नाही. दाखल्यावर 1 जून असेल, तर ती तारीख बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. त्याऐवजी विचारावे, पानशेत फुटले (12 जुलै 1961) तेव्हा लग्न झाले होते का? कोयनेच्या भूकंपात (11 डिसेंबर 1967) कडेवर कोण होते? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला घरातून कोण गेले? तिची सासू 1918च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीच्या वेळी हयात होती का? माहेर सापडत नसेल, तर भाऊबीजेला कोण यायचे ते विचारावे. गाव आणि आडनाव दोन्ही निघतात. प्रत्येक बाईची तीन नावे वेगळी लिहावीत: माहेरचे, सासरचे आणि हाकेचे. हे केले नाही की एकाच बाईच्या दोन नोंदी होतात. ‘आक्का’ किंवा ‘काकी’ एवढेच लिहिलेली नोंद पुढच्या पिढीला निरुपयोगी असते.

खरा साठा जमिनीच्या कागदांत आहे. सातबारावर खातेदाराच्या नावाशेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक असतो. तो फेरफार (गाव नमुना 6) काढावा, त्यात उल्लेखलेला आधीचा काढावा, असे एकेक पायरी मागे जावे. बऱ्याच गावांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात; नसतील तर तहसिलात नकलेसाठी अर्ज करावा, त्यात गाव, गट किंवा जुना सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक नेमका लिहावा. गटवारी झालेल्या, म्हणजे जमिनी एकत्र करून गट पाडलेल्या, गावात गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर आधी काढावा लागतो. ही पायरी चुकली की भलत्याच घराची वंशावळ हाती येते.

वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, बहुधा मृत्यूची तारीख आणि वारसांचे नाते असते. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत विवाहित मुली सासरच्या आडनावासह येतात. पण सातबारावर त्यांची नावे अनेकदा मुख्य रकान्यात नसतात, ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली असतात. तो रकाना न वाचता कागद मिटू नये. हक्कसोडपत्राच्या नोंदीतही बहिणींची पूर्ण नावे आणि गावे मिळतात. (हक्क सोडतानाच नाव नीट लिहिले गेले, हे वाचताना जीव तुटतो.) 1956च्या आधी मुली क्वचित दिसतात, मात्र ‘अ.पा.क.’ ही अक्षरे शोधावीत. त्यांचा अर्थ अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, वारसाचा पालनकर्ता; तिथे पुष्कळदा आईच असते आणि तिचे नाव तिथे लिहिलेले असते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे एकाच भावाचे नाव असले, तरी त्याला एकुलता एक समजू नये.

दुसरी जागा म्हणजे गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या नोंदीत अनेकदा बाळाचे नावच नसते, नुसते ‘मुलगी’ आणि बापाचे नाव. मृत्यूच्या नोंदीत बाई नावानिशी सापडते. जुनी पाने मोडी लिपीत असतात. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. मोडी वाचून घेताना वाचणाऱ्याला ‘कोम’ असलेली प्रत्येक ओळ मागावी, नाहीतर तो फक्त तुमच्या आडनावाचे पुरुष वाचून देईल. सालाचा हिशेब असा: शकात 78 मिळवावे, जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तारखांना 79. महसुली कागदांतल्या दख्खनी फसली सनात 590 आणि पेशवाईच्या कागदांतल्या सुहूर सनात 599. ही दोन्ही साले मृगाला सुरू होतात, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत आणखी एक मिळवावा. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1161; त्यात जानेवारीसाठी 600 मिळवले की 1761, पानिपताचे साल.

सर्वाधिक चुका आईच्या जागी होतात. पहिली बायको बाळंतपणात गेली आणि दुसरी आली, तर सगळी मुले दुसरीच्या नावावर जमा होतात. मुलाचा जन्म आणि पहिलीचा मृत्यू या दोन तारखा शेजारी मांडल्याशिवाय आई ठरवू नये. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत असल्याने पुरुषांची नावे एकाआड एक पिढीत तीच येतात आणि त्यात एखादी पिढी सहज गळते. अशा वेळी दोन ‘राणोजीं’ना वेगळे करते ती त्यांच्या बायकांचीच नावे.

ज्या घरात महालय (पितृपक्षातले श्राद्ध) होतो, तिथे भटजींना दिलेली पितरांची यादी असते. तिच्यात आई, आजी, पणजी आणि आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्या येतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या मूळ गाव आणि आडनाव सांगितल्यावर उघडतात. तिथे आजोळचे गाव आणि आडनावही सांगून पाहावे. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे, अजून गावोगाव येतात.

आणि माळ्यावरची भांडी. तांब्या-पितळेच्या हंड्यावर, परातीवर मुलीचे नाव, देणाऱ्या मामाचे नाव, कधी लग्नाची तारीखसुद्धा कोरलेली असते. घर पाडताना ती मोडीत जातात. आधी काठावरून ओला हात फिरवून पीठ किंवा खडूची भुकटी चोळावी, अक्षरे उठून दिसतात. बाजूने उजेड पाडून फोटो घ्यावा आणि मगच भांडे द्यायचे की ठेवायचे ते ठरवावे.

आपला,
एक वाचक