खुर्ची आडवी करण्याआधी बोला

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

इंदुरात गल्लोगल्ली दाताचे दवाखाने झाले, तरी ‘डॉक्टरांनी लुबाडलं’ ही कुरकुर काही थांबत नाही. आमच्या मते पुष्कळदा उपचार ठीकच झालेला असतो. आधी सांगायचं ते नंतर सांगितलेलं असतं.

दाढेच्या रूट कॅनालचंच घ्या. पहिल्या दिवशी एक आकडा सांगतात, तो फक्त मुळांच्या सफाईचा. वरचं फिलिंग आणि कॅप यांचा खर्च शेवटच्या सिटिंगला निघतो आणि तिथे भांडण पेटतं. पोखरलेली दाढ कॅपशिवाय चावताना तडकू शकते, म्हणजे कॅप हा उपचाराचाच भाग. मग तिची रक्कमही पहिल्याच चिठ्ठीवर हवी. मेटल, सिरॅमिक, झिरकोनिया, प्रत्येकीचा भाव वेगळा लिहावा. मुळाची नळी वाकडी किंवा अरुंद असली तर सफाईची फाइल, म्हणजे सुईसारखं बारीक हत्यार, आत तुटू शकते. हे आधी सांगितलं तर पेशंट समजून घेतो, तुटल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

थंड पाण्याने आलेली कळ लगेच जाते की रेंगाळते? रात्री आडवं झालं की ठणकतं का? एवढं विचारून, एक्स-रेचा स्क्रीन पेशंटकडे वळवून, कीड नसेच्या किती जवळ गेली ते बोटाने दाखवावं. लगेच जाणाऱ्या कळेला बहुधा फिलिंग पुरतं. रेंगाळणारी, झोपमोड करणारी कळ असेल तर बहुतेक वेळा नस वाचत नाही. शेजारच्यांचं फिलिंगवर भागलं, मग मलाच रूट कॅनाल का, याचं उत्तर पेशंटला तिथेच मिळतं.

‘अजिबात दुखणार नाही’ असं वचन तर देऊच नये. सुई टोचेल, पुढे दाब जाणवेल, कळ आली तर डावा हात वर करा, असं सांगावं; आणि हात वर गेला की खरोखर थांबावं. नस फार सुजलेली असेल तर भूल नीट चढत नाही, दुसरं इंजेक्शन लागू शकतं, हेही आधीच सांगून ठेवावं.

आणखी एक खोड म्हणजे खुर्चीत आजोबा, पण डॉक्टर बोलतात मुलाशी. तंबाखूबद्दल सुनेसमोर विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार; ते नातलग बाहेर गेल्यावर विचारावं. रक्त पातळ करणारी गोळी, साखर, हाडं ठिसूळ झाल्याची औषधं यांची चौकशी दात काढण्याआधीच व्हावी. पेशंटनेही ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

दात काढल्यावरच्या सूचना तोंडी देऊन भागत नाही, त्या वेळी पेशंटचं लक्षच नसतं. गॉझ, म्हणजे जखमेवर ठेवलेला कापडी बोळा, 30 ते 45 मिनिटं दाबून धरा. 24 तास थुंकणं, खळखळून चूळ भरणं, स्ट्रॉने पिणं नको. तंबाखू तर नकोच. जखमेत धरलेली रक्ताची गुठळी निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा ठणका लागतो की डॉक्टरांनीच काहीतरी बिघडवलं असं वाटतं. बधिरपणा दोन-तीन तास, कधी जास्तही राहतो; तोवर सराफा बाजारातला गरम तळलेला गराडूही (कंद) नको, गाल चावला गेल्याचं कळतही नाही.

पेशंट दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतो म्हणाला, तर कपाळाला आठी न घालता एक्स-रेची प्रत हातात द्यावी. ती नाकारणाऱ्या दवाखान्यात पुन्हा जावं का, हे वाचकांनी ठरवावं.

आपले,
इंदुरातील काही मराठी दंतवैद्य