जेफ बेक आणि पेडलची यादी

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जेफ बेकवरचा लेख वाचला. एका गिटारवादकाला अर्धं पान दिलंत, आभार. पण त्यातलं निम्मं ॲम्प्लिफायर आणि पेडलच्या (गिटारचा आवाज पालटणाऱ्या, पायाने दाबायच्या पेट्यांच्या) यादीतच गेलंय. लेख आहे की दुकानाचं माहितीपत्रक?

बेकने ऐंशीच्या दशकात पिक (तार छेडायची छोटी पट्टी) जवळजवळ सोडलंच, याला मात्र एकच ओळ. अहो, खरी गंमत तिथेच आहे! तार छेडायची अंगठ्याने, करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर, आणि व्हॅमी बार (तारांचा ताण बदलून सूर वरखाली नेणारा दांडा) उरलेल्या बोटांच्या ताब्यात. नॉब बंद ठेवून तार छेडायची आणि मग तो हळूच उघडायचा. आघात ऐकूच येत नाही, स्वर व्हायोलिनसारखा उमटतो. १९८९च्या ‘व्हेअर वेअर यू’ या धूनमध्ये तर हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून निघणारा उंच स्वर) छेडून पुढची सुरावट तो बारनेच वरखाली खेचत नेतो. ही मींड कुठल्या पेडलमध्ये मिळते, तेवढं लेखकाला विचारून कळवा.

मला हे झोंबायला कारण आहे. गिटारच्या क्लासमध्ये मी पिक बाजूला ठेवून अंगठ्याने वाजवायला लागलो की आमचे सर सगळ्यांदेखत विचारायचे, “तंबोरा छेडतोयस का रे?” आणि पिक हातात कोंबायचे. व्हॉल्यूम दहावर ठेवायचा आणि नॉबला हात लावायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. पुढे एकदा मी त्यांना रॉनी स्कॉट्स क्लबमधली बेकची २००७ची मैफल दाखवली, त्याची करंगळी दाखवली. सर म्हणाले, “महागडं पेडल असेल.” तोच शोध आता तुमच्या पुरवणीत छापून आलाय!

आणि लेखक म्हणतो, ‘ब्लो बाय ब्लो’ (१९७५), ‘वायर्ड’ (१९७६) या बेकच्या अल्बमांनंतर सांगण्यासारखं काही नाही म्हणे. मग वर लिहिलेलं १९८९चं काय करायचं? यादीच द्यायची होती तर १९६५चं तरी द्यायचं. बेकच्या तेव्हाच्या यार्डबर्ड्स बँडने ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्यासाठी सतारवादक बोलावला, ते काही जमेना, तेव्हा बेकने तीच धून फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) लावून गिटारवर काढली. तिथे पेडलचा हात होता, कबूल. नेमकं तेच लेखात नाही.

जाता जाता, फोटो उलटा छापलाय. बेक उजव्या हाताचा वादक, तुमच्या पानावर डावखुरा झालाय. डावखुऱ्या गिटारवादक हेंड्रिक्सशी गल्लत झाली असेल तर त्याच्यावरही अवश्य लेख येऊ द्या. यादी तेवढी नको.

आपला,
एक वाचक