बोकडाचा वास, दुधाची बदनामी

संपादक महोदय,

आमच्या दारात तीन संगमनेरी शेळ्या आहेत. गावातलं संकलन केंद्र शेळीचं दूध घेत नाही आणि घरात चहापलीकडे कुणी त्याला हात लावत नाही. वास येतो म्हणे. तो वास बराचसा बोकडाचा! बोकड लांब बांधला, सड धुऊन धार काढली की तक्रार फारशी उरत नाही.

या दुधाचं मी पनीर करते. दोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात तापवते. थर्मामीटर नाही; कडेला बुडबुडे धरले की गॅस बंद. मग दोन लिंबांचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घालते. दूध फाटून सुटलेलं पाणी, म्हणजे निवळी, हिरवट दिसली की थांबायचं. पहिल्या खेपेला गाईच्या दुधासारख्या मोठ्या गाठी येतील म्हणून रस ओततच राहिले आणि सगळं आंबट करून ठेवलं. शेळीच्या दुधाचं पनीर मऊ, बारीकच पडतं. म्हणून चाळणी नको, जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा हवा. मीठ लावून तासभर खुंटीला टांगलं की भाकरीवर लोण्यासारखं पसरतं. निवळीत मी ज्वारीचं पीठ मळते.

आपल्या शेतीच्या पानावर शेळीच्या दुधालाही कधी जागा द्या.

— एक शेळीपालक गृहिणी, संगमनेर तालुका